शब्दांचे वतनदार : गेलिक समाजातील कवी

1800 सालच्या 9 ऑगस्टला स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर लाखलन मॅकवुरिख नावाच्या माणसाची जबानी उतरून घेण्यात आली. वय 59, शिक्षण नाही. पण घराण्याची वंशावळ अठरा पिढ्यांपर्यंत त्याला सांगता येत होती, आणि या घराण्याचा पिढीजात धंदा एकच होता : क्लॅनरॅनल्डच्या मॅकडॉनल्ड सरदारांचे कवी असणे. त्याने सांगितले ते असे. या कामाचा मोबदला म्हणून साउथ युइस्ट बेटावरचे स्टिलिगॅरीचे शेत आणि ड्रिम्सडेलची चार पेनी जमीन पंधरा पिढ्या घराण्याकडे होती. पेनी हे तिथले जमिनीचे माप. सोळाव्या पिढीत ड्रिम्सडेल गेले, सतराव्या पिढीत स्टिलिगॅरीही सुटले. मॅकडॉनल्डांची वंशावळ आणि इतिहास जपणारा कोणी मॅकवुरिख हयात आहे तोवर जमीन त्यांची, असा करार होता. कवीला मुलगा नसेल तर त्याने पुतण्याला शिकवून तयार करायचे, म्हणजे हक्क शाबूत राहतो. शेवटी त्याने चर्मपत्रांची गोष्ट सांगितली. वडिलांकडे लिहिलेली चर्मपत्रे होती. त्यांतली दोन-तीन शिंप्यांनी कापून मापाच्या पट्ट्या केल्या, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

जबानी घेणाऱ्या मंडळींना यातले फारसे काही नको होते. त्यांना हवा होता ओशन. जेम्स मॅकफर्सन याने 1760 पासून ‘ओशन या प्राचीन गेलिक कवीच्या काव्याचा अनुवाद’ म्हणून जी पुस्तके काढली, त्यांनी सारा युरोप वेडावला होता. गटेच्या वेर्थरने ओशन वाचून डोळे गाळले, नेपोलियनला तो प्रिय होता, आणि मूळ हस्तलिखिते कुठे आहेत ते मात्र मॅकफर्सन कधीच दाखवू शकला नाही. खरे-खोटे करण्यासाठी हायलँड सोसायटीने चौकशी लावली, तीत लाखलनची साक्ष झाली. चौकशीवाल्यांनी विचारले काव्याबद्दल; लाखलनने सांगितले जमिनीबद्दल. त्याला विषय नीट कळला होता. गेलिक कवींचा इतिहास प्रतिभेच्या, वीणेच्या आणि धुक्याच्या अंगाने पुष्कळ सांगितला गेला आहे. तो जमिनीच्या अंगाने वाचला तर जास्त उलगडतो, एवढेच या व्याख्यानाचे म्हणणे आहे.

मराठी श्रोत्यांना हा करार समजावून सांगावा लागत नाही. सेवेच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या जमीन, सेवा थांबली की जमिनीवर प्रश्नचिन्ह : हे वतन आहे. पाटलाचे, देशपांड्याचे असते तसे शब्दांचे वतन.

गेलिक समाज म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंडचा डोंगराळ (हायलँड) व बेटांचा मुलूख. मधला समुद्र अरुंद आहे आणि त्या काळी तो आडवा येत नसे, उलट जोडत असे. बोलभाषा दोन्ही किनाऱ्यांवर हळूहळू वेगळ्या होत गेल्या, तरी सुमारे 1200 ते 1600 या चारशे वर्षांत कवींची भाषा एकच राहिली. व्याकरण ठरलेले, शब्दांची रूपे ठरलेली, वृत्ते ठरलेली. दक्षिण आयर्लंडच्या केरीतला कवी उत्तरेला स्काय बेटाच्या दरबारात आपली रचना एका अक्षराचाही बदल न करता देऊ शकत होता. राजा एक नव्हता, राजधानी नव्हती, विद्यापीठ नव्हते. प्रमाणभाषा मात्र होती, आणि ती कवींच्या घराण्यांनी सांभाळली होती.

जगाने या कवींना ‘बार्ड’ हे नाव दिले. खुद्द जुन्या आयरिश कायद्यात बार्ड हा खालच्या पायरीचा. वरचा तो ‘फिली’. आठव्या शतकातल्या एका कायद्याच्या ग्रंथात फिलींच्या सात पायऱ्या दिल्या आहेत आणि सगळ्यांत वर ‘ओल्लाव’ आहे. या समाजात प्रत्येक माणसाच्या अब्रूची किंमत कायद्याने ठरलेली असे; कोणी अपमान केला, इजा केली, तर त्या हिशेबाने भरपाई. ओल्लावच्या अब्रूची किंमत लहान राजाइतकी आणि बिशपइतकी होती. त्याच्याबरोबर चोवीस माणसांचा लवाजमा चाले. सामान्य माणूस आपल्या छोट्या राज्याची हद्द ओलांडली की बहुतेक हक्क गमावून बसे, कवी मात्र कुठेही गेला तरी कवीच. कोणत्या वृत्तातल्या रचनेला काय बिदागी द्यायची तेही लिहून ठेवलेले होते. मानधन किती द्यावे याचा संकोच व्याख्यानमालांच्या चालकांना आजही पडतो. आयरिश कायदेपंडितांनी तो बाराशे वर्षांपूर्वीच मिटवला होता.

एवढे देऊन राजाला काय मिळे? नुसती स्तुती ऐकण्यासाठी कोणी सुपीक शेत देत नाही. गेलिक सरदारकी बापाकडून थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे. एकाच पणजोबाची पोरे, चुलते, पुतणे सगळे दावेदार. अशा ठिकाणी हा कोणाचा कोण, याच्या पूर्वजांनी कोणत्या लढाया मारल्या, याचा हक्क कुठून आला, हे चारचौघांत, ठरलेल्या भाषेत, कोणाला खोडता येणार नाही अशा रीतीने सांगणारा माणूस लागे. स्तुतिकाव्य हा दस्तऐवज होता. त्यात औदार्याचे कौतुक वारंवार येते, त्याचेही कारण व्यवहारी आहे : औदार्य नसलेल्या सरदाराच्या मागे माणसे उभी राहत नसत.

दस्तऐवज देणाऱ्याच्या हाती तो फिरवण्याचीही सत्ता असते. कवीचे दुसरे हत्यार उपहासकाव्य. त्याने तोंडावर फोड उठतात, माणूस मरतो, असा समज होता. आयरिश कवी छंदाने उंदीर मारतात ही समजूत इंग्लंडात इतकी पसरली होती की शेक्सपिअरने एका नाटकात तिची थट्टा केली आहे. पण 1414 च्या नोंदीत थट्टा नाही. इंग्लंडच्या राजाचा आयर्लंडमधला प्रतिनिधी सर जॉन स्टॅन्ली याने निअल ओ हिगिन या कवीची गुरेढोरे लुटली. ओ हिगिनांनी त्याच्यावर उपहासकाव्य रचले आणि त्यानंतर तो जेमतेम पाच आठवडे जगला, असे आयरिश बखरकार अगदी शांतपणे लिहून ठेवतो. कायद्यालाही या हत्याराची जाणीव होती. सरदाराने करार मोडला तर कवीने आधी रीतसर ताकीद द्यावी, मग उपहास करावा. विनाकारण केलेल्या उपहासाला दंड.

असा वर्ग उन्मत्त होणार हे उघड आहे, आणि तो झालाही. कवींची संख्या आणि मागण्या फार वाढल्या म्हणून त्यांना देशाबाहेर काढण्याचा विचार चालला होता, तेव्हा 575 च्या द्रुम केटच्या सभेत संत कोलंबाने मध्यस्थी करून त्यांना वाचवले, अशी परंपरा आहे. लवाजमे तेवढे कमी झाले. याच्या उलट टोकाचा प्रसंग 1351 च्या नाताळातला. विल्यम ओ केली या सरदाराने आयर्लंडभरच्या कवी, वादक, विद्वानांना जेवणाचे आवतण दिले. गॉफ्री फिन ओ डाली या त्या काळच्या मोठ्या कवीने त्या मेजवानीवर दीर्घ काव्य लिहिले. मेजवानी केव्हाच पचून गेली. सरदाराचे नाव अजून घेतले जाते, म्हणजे खर्च वसूल झाला.

कवीला स्वतःच्या मोठेपणाविषयी काय वाटे, हे 1213 सालच्या एका खुनावरून कळते. मुरियाख ओ डाली हा कवी स्लायगोजवळ लिसडेल इथे राहत होता. (हेच गाव सातशे वर्षांनी येट्सच्या कवितेत आले.) ओ डोनेल या बलाढ्य सरदाराचा कारभारी फिन ओ ब्रोलखन खंडणी गोळा करीत त्याच्या दारी आला आणि कवीशी हुज्जत घालू लागला. कवीने धारदार कुऱ्हाडीने त्याला जागच्या जागी मारले. ओ डोनेल फौज घेऊन मागे लागला. मुरियाख पळाला तो एका आश्रयदात्याकडून दुसऱ्याकडे. नॉर्मन सरदार रिचर्ड द बर्ग याच्याकडेही त्याने आश्रय मागितला, आणि त्या कवितेत त्याचा सूर पश्चात्तापाचा नसून आश्चर्याचा आहे. एका य:कश्चित माणसाने उलट बोलण्याचे धाडस केले, त्याला मारले, यात एवढे वैर धरण्यासारखे काय आहे, अशी त्याची तक्रार. पुढे लिमरिक, डब्लिन, शेवटी समुद्रापार स्कॉटलंड. तिथे त्याला ‘अल्बनाख’, म्हणजे स्कॉटलंडवाला, हे नाव चिकटले. ओ डोनेलची स्तुती करणाऱ्या तीन कविता पाठवल्यावर त्याला माफी मिळाली, जमीनही मिळाली. बायकोच्या मृत्यूवर त्याने लिहिलेला विलाप आजही संकलनांतून आवर्जून घेतात. त्या कवितेत कुऱ्हाडवाला माणूस ओळखू येत नाही. स्टिलिगॅरीचे मॅकवुरिख आपला मूळ पुरुष म्हणून याच मुरियाखाचे नाव सांगत. लाखलनच्या अठरा पिढ्या एका वसुली कारभाऱ्याच्या खुनापासून सुरू होतात.

ही विद्या मिळवायची कशी, याची दोन वर्णने हाती आहेत, आणि ती समुद्राच्या दोन बाजूंची असूनही जुळतात. आयर्लंडचे वर्णन 1722 मध्ये छापले गेले, तेव्हा शाळा बंद पडून बराच काळ झाला होता. वस्तीपासून दूर, एकांतात, ठेंगणी इमारत. खिडक्या नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याला पलंग. संध्याकाळी गुरू विषय द्यायचा, वृत्त आणि बंधने सांगायचा. दुसरा सगळा दिवस विद्यार्थी अंधारात पडून मनात रचना करायचे. ठरल्या वेळी दिवे आणले जात आणि रचना कागदावर उतरे. शाळा 29 सप्टेंबरच्या मायकलमसपासून 25 मार्चपर्यंत, म्हणजे सगळा हिवाळा. सुट्टीच्या दिवशी आसपासचे सधन लोक विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेत आणि शिधाही पुरवत. स्कॉटलंडचे वर्णन मार्टिन मार्टिन या स्काय बेटावरच्याच माणसाने 1703 मध्ये छापले : कवी दारे-खिडक्या लावून, डोक्याभोवती शाल गुंडाळून, पोटावर दगड ठेवून उताणे पडतात. दगड कशाला याचा खुलासा मार्टिनने केलेला नाही, आणि त्याला या मंडळींविषयी फार प्रेम होते असेही दिसत नाही.

अंधार का लागे, हे वृत्तांकडे पाहिल्यावर कळते. एका आवडत्या वृत्तात ओळीची अक्षरे सात, चार ओळींचे कडवे. दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द पहिलीच्या शेवटच्या शब्दापेक्षा एका अक्षराने मोठा हवा. ओळीच्या पोटात अनुप्रास, कडव्याच्या उत्तरार्धात आतल्या आत यमके. यमकासाठी व्यंजनांचे गट पाडलेले होते. क, त, प यांचे आपसांत जुळे. ग, द, ब यांचे आपसांत. पण क आणि ग यांचे नाही. इतकी सगळी गणिते सांभाळून अर्थ सोडायचा नाही. शिवाय जुन्या ग्रंथांनुसार पूर्ण शिकलेल्या फिलीला अडीचशे मोठ्या आणि शंभर लहान कथा तोंडपाठ हव्यात. रचना पूर्ण झाली की कवी ती स्वतः म्हणत नसे. दरबारात ती म्हणून दाखवायला वेगळा पाठक असे, साथीला हार्प. कवी सरदाराशेजारी बसून ऐके. आपली कविता दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची शिस्त आजच्या कविसंमेलनांना अवघड जाईल.

बायकांना या शाळांची दारे बंद होती, तरी त्यांच्या कविता आहेत. स्कॉटलंडमध्ये पर्थशायरमधल्या फोर्टिंगल इथे जेम्स मॅकग्रेगर या धर्माधिकाऱ्याने आणि त्याच्या भावाने 1512 ते 1542 या काळात कवितांचे एक बाड तयार केले. त्यात सुमारे 1470 ची एथब्रेक नावाच्या विधवेची रचना आहे. नवरा किल्लेदार होता. ती त्याच्या जपमाळेला उद्देशून बोलते. वृत्त कवींच्या पद्धतीचे, पण कोणत्याही वतनासाठी न लिहिलेले. हे बाड ‘डीन ऑफ लिझमोरचे पुस्तक’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते नसते तर स्कॉटलंडच्या मध्ययुगीन गेलिक कवितेतले किती उरले असते, याचा विचार न केलेला बरा.

मग जमीन गेली. इंग्रजांना कवींचा धोका लवकर कळला होता. 1366 च्या किल्केनीच्या कायद्यांनी इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश कवी-गायकांना थारा देण्याची मनाई केली. पाळली कोणी फारशी नाही. 1596 च्या सुमारास एडमंड स्पेन्सर या थोर इंग्रज कवीने आयर्लंडवर निबंध लिहिला. हे बार्ड बंडखोर आणि लुटारूंची स्तुती करून तरुणांना बिघडवतात, असे तो म्हणतो. त्याच दमात कबूल करतो की काही कविता भाषांतर करवून ऐकल्या आणि त्यांत गोडवा व कल्पकता होती. स्पेन्सर स्वतः मुन्स्टरमध्ये किलकोलमन इथे राहत होता. ती जहागीर एका बंडखोर आयरिश अर्लच्या जप्त केलेल्या मुलखातून त्याला मिळालेली. म्हणजे तोही जमिनीवर बसलेला कवीच, फक्त दुसऱ्या राज्याचा. 1598 मध्ये आयरिशांनी ते घर जाळले.

पुढचे फार झपाट्याने झाले. 1601 मध्ये आयरिश किन्सेलची लढाई हरले, 1607 मध्ये उत्तरेचे अर्ल देश सोडून युरोपात गेले, त्यांच्या अल्स्टरमध्ये इंग्रज-स्कॉट वसाहती बसल्या. 1609 मध्ये आयोनाच्या कलमांवर स्कॉटिश बेटांच्या सरदारांकडून सह्या घेतल्या : भटक्या बार्डांना खोड्यात घालून हाकला, आणि ज्याच्याकडे साठ गाई आहेत त्याने थोरल्या मुलाला सखल प्रदेशात इंग्रजी शिकायला पाठवावे. पहिल्यापेक्षा दुसरे कलम जास्त घातक ठरले. एका पिढीनंतर सरदारालाच कवीची भाषा नीट कळेना. आयर्लंडमधल्या एका कवीने लिहिले आहे की उत्तम बांधणीची कविता घेऊन मुन्स्टरचे बाजार पालथे घातले, पण कोणी गिऱ्हाईक मिळाले नाही. अशा वेळी उरलेसुरले राजकवी काय करीत होते? 1616 ते 1624 ही आठ वर्षे उत्तर आयर्लंडचे घराणे श्रेष्ठ की दक्षिणेचे, यावर पद्यात वाद घालत होते. दक्षिणेच्या बाजूचा म्होरक्या तेग मॅक ब्रूडी म्हातारपणी क्रॉम्वेलच्या एका सैनिकाच्या हातून मेला, असे सांगतात. कवीचीच जमीन त्या सैनिकाला मिळाली होती, आणि त्याने कवीला कड्यावरून खाली लोटले. आख्यायिका असेल, तिने नेमके बोट कुठे ठेवले ते पाहावे.

वतन गेले, कविता मात्र गेली नाही. उलट शिस्तीचा जड अंगरखा उतरल्यावर ती बोलीत आली, लोकांच्या चालींवर आली, आणि खरे सांगायचे तर आजच्या वाचकाला ती जास्त जवळची वाटते. इयन लोम हा केपकच्या मॅकडॉनल्डांचा कवी. 1645 च्या इन्व्हरलॉकीच्या लढाईत त्याला तलवार घ्यायला सांगितले, तेव्हा मी पडलो तर उद्या तुमची गाणी कोण गाईल, असे म्हणून तो बाजूला बसून लढाई पाहत राहिला, अशी कथा आहे. मॅक्लाउड घराण्याच्या आश्रयाला असलेल्या मेरी मॅक्लाउडला सरदाराने हद्दपार केले आणि पुढे घरात वा घराबाहेर गाणी न रचण्याच्या अटीवर परत घेतले. ती उंबऱ्यावर बसून रचू लागली, असे स्काय बेटावर सांगत. आयर्लंडमध्ये ओवेन रो ओ सुलिवन हा अव्वल दर्जाचा कवी शेतमजूर म्हणून गावोगाव हिंडला, ब्रिटिश आरमारात गेला, 1782 च्या सेंट्सच्या आरमारी लढाईवर त्याने ॲडमिरलच्या स्तुतीची इंग्रजी कविताही केली, आणि 36 व्या वर्षी दारूच्या गुत्त्यातल्या मारामारीनंतर मेला.

सगळ्यांत लोभस डंकन बान मॅकिंटायर (1724–1812). लिहिता-वाचता येत नव्हते. 1768 मध्ये छापलेल्या त्याच्या कविता दुसऱ्यांनी उतरून घेतल्या. 1746 च्या फॉलकर्कच्या लढाईत तो एका जमीनदाराच्या बदली लढायला गेला, त्याचीच तलवार घेऊन, आणि पळताना ती हरवली. जमीनदाराने ठरलेले पैसे दिले नाहीत. डंकनने त्या भिकार तलवारीवर असे गाणे केले की अखेर पैसे द्यावे लागले. पुढे तो वनरक्षक झाला. हरणांच्या एका डोंगरावर त्याने लिहिलेले काव्य गेलिक निसर्गकवितेचा मेरुमणी आहे. त्या डोंगरांत मेंढ्या आल्या, माणसे आणि हरणे हटली. तेव्हा म्हाताऱ्या डंकनने कोल्ह्यांची स्तुती लिहिली, कारण कोल्हे मेंढ्या मारतात. जुना स्तुतिकाव्याचा साचा, फक्त आश्रयदाता बदललेला.

1746 मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडच्या बंडाचा शेवट झाल्यावर सरदारांना वंशावळीची गरज उरली नाही. त्यांना हवे होते भाडे, लोकर आणि पलटणींसाठी जवान. मुलगा फौजेत द्या, जमिनीचा पट्टा घ्या, अशा बोलीवर भरती होई. 1793 मध्ये सीफोर्थच्या मॅकेंझीने उभारलेल्या 78 व्या हायलँड पलटणीत लुइस बेटावरचे पुष्कळ गेलिकभाषक होते. हीच पलटण 23 सप्टेंबर 1803 रोजी जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर उभी होती. परत गेलेल्यांना पट्टे किती टिकले हा वेगळा विषय आहे. पुढच्या पन्नास वर्षांत त्या मुलखातली गावेच्या गावे मेंढ्यांसाठी मोकळी करण्यात आली.

आणि मग या जमिनीच्या गोष्टीला अनपेक्षित वळण देणारी एक बाई येते. मारी व्होर, ‘गाण्यांची थोरली मारी’, जन्म 1821, स्काय बेटावर स्केबोस्ट. इन्व्हरनेसमध्ये नोकरी करताना 1872 मध्ये तिच्यावर मालकिणीचे कपडे चोरल्याचा आळ आला आणि शिक्षा झाली. तुरुंगात, पन्नाशीनंतर, तिला गाणी सुचू लागली. पुढे ग्लासगोत सुईणपण शिकली. 1880 च्या दशकात स्कायच्या कुळांनी जमीनदारांविरुद्ध लढा दिला, तेव्हा ही धिप्पाड बाई सभांतून गात होती. ती कोणा सरदाराची वंशावळ गात नव्हती. हुसकावलेल्या गावांची, ओसाड पडलेल्या शेतांची नावे घेत होती. 1886 च्या कायद्याने कुळांना जमिनीवर कायम राहण्याचा हक्क दिला. तो गाण्यांनी मिळाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. सरकारी चौकशी आयोग, दंगे, मतदानाचा नवा हक्क, हे सगळे त्यामागे होते. पण सभेला माणसे जमवण्याचे काम गाण्यांनी केले. मारीला वाचता येई, लिहिता येत नसे. तिने आठ-नऊ हजार ओळी तोंडी सांगितल्या, त्यांचे पुस्तक 1891 मध्ये निघाले. म्हातारपणी स्केबोस्टच्या जमीनदाराने तिला बिनभाड्याचे घर दिले. स्तुती करणाऱ्यांना जमीन देण्याची रीत जुनी होती. जमीनदारांविरुद्ध गाणारणीला जमीनदाराने घर द्यावे, हे नवीन.

विसाव्या शतकात सॉर्ली मॅक्लीनने (1911–1996) शाळामास्तरकी करून गेलिक कविता युरोपच्या बरोबरीला आणली. राझे बेटावरच्या ओसाड गावाविषयीची त्याची ‘हॅलेग’ ही 1954 मधली कविता पुन्हा जमिनीचीच आहे. 2022 च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलू शकणारे सुमारे 70 हजार निघाले, आणि आयर्लंडमध्ये शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे 72 हजार. एवढ्या लोकांत अजून कवी होतात, ही गोष्ट मोठी मानली पाहिजे.

मॅकवुरिखांच्या घरातले ‘क्लॅनरॅनल्डचे लाल पुस्तक’ कात्रीतून वाचले आणि एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बेटांवरच्या म्हाताऱ्या माणसांकडून 1930 च्या दशकापासून ध्वनिमुद्रित केलेली हजारो गाणी आणि कथा ‘टोबर अन दुआलखिश’ या स्कॉटिश संग्रहात इंटरनेटवर कोणालाही फुकट ऐकता येतात. ज्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांनी इंग्रजी अनुवादापासून सुरुवात करू नये. आधी मारी व्होरचे एखादे गाणे मूळ चालीवर ऐकावे, मग पुस्तक उघडावे.